माळ्यावर सापडलेली चावीची आगगाडी जुनी हॉर्नबी आहे की नक्कल, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याजवळच्या तुमच्या जुन्या वाड्यात माळा आवरताना ट्रंकेत चावीचं इंजिन, तीन डबे आणि थोडे रूळ सापडले. इंजिन हिरवं आहे, बाजूला सोनेरी अक्षरांत 'एलएनईआर' (ब्रिटनमधल्या एका जुन्या रेल्वेचं नाव) आहे. नागपूरचा एक खरेदीदार 'ही हॉर्नबीची, म्हणजे इंग्लंडच्या त्या जुन्या नावाजलेल्या खेळण्यातल्या गाडीची, नक्कल आहे' असं म्हणतो आणि तरी चार हजार द्यायला तयार आहे. आधी एवढंच सांगतो: आत्ता विकू नका, आणि पुसूही नका. नक्कल असल्याची त्याची खात्री असती तर त्यानं तुम्हाला तीनदा फोन केला नसता.

मी मूर्तिजापूरला घड्याळं दुरुस्त करतो, वडीलही तेच करत. जिनिंगवाल्यांच्या आणि देशमुखांच्या वाड्यांतल्या चावीच्या गाड्या आमच्याकडेच यायच्या, कारण स्प्रिंग ती स्प्रिंगच, भिंतीवरच्या घड्याळातली काय अन् खेळण्यातली काय. काही लोक परत न्यायला आलेच नाहीत. तिथून माझा संग्रह सुरू झाला. शकुंतलेच्या, म्हणजे आमच्या त्या जुन्या अरुंद रुळांच्या रेल्वेच्या, गावात राहून रेल्वेचं वेड लागणार नाही तर काय! एखादं इंजिन हातात घेऊन मी त्याचा रंग न्याहाळू लागलो की वडील म्हणायचे, "रंग काय पायतं लेका, पोट पाय." तेच तुम्हाला सांगतो. गाडी उलटी करा.

पोटाकडे बघताना पहिली गोष्ट म्हणजे पत्र्याच्या जिभल्या. जुन्या गाडीचे भाग खाचेतून जिभली काढून, ती दुमडून अडकवलेले असतात. कारखान्यात ती एकदाच दुमडली जाते. दुसऱ्यांदा सरळ करून पुन्हा दुमडली की मुडपलेल्या जागी बारीक चीर पडते, कधी जिभलीच तुटते. चीर दिसली तर समजा गाडी कुणीतरी उघडलीय. उघडणं म्हणजे लबाडी नव्हे, आम्हीही दुरुस्तीसाठी उघडायचो. पण मग आतलं काय मूळचं आणि काय बदललेलं, हे विचारावं लागतं. इंग्लंडच्या त्या काळातल्या गाडीत अधिकच्या चिन्हासारख्या खाचेचा स्क्रू दिसला, तर तो नंतर कुणीतरी घातलाय असंच धरून चाला.

मग झीज बघा. यात घड्याळजीचा डोळा कामी येतो. चावीच्या भोकाभोवती अर्धगोल ओरखडे असतात, कारण पोरं घाईनं चावी खुपसतात. चाकाची रुळावर घासणारी कड गुळगुळीत चकाकते, बफरच्या (डब्याच्या टोकाला धक्का झेलणाऱ्या गोल चकतीच्या) तोंडावरचा रंग उडालेला असतो, आणि गाडी उचलताना जिथं बोटं येतात त्या छताच्या कडा उघड्या पडतात. मुद्दाम जुन्या केलेल्या मालात झीज सगळीकडे सारखी असते, जिथं लेकराचं बोट कधी पोचणार नाही तिथंसुद्धा. माझ्या मते या एका खुणेला बाकी दहा खुणांचं मोल आहे.

चाकं ओतीव असतील तर भिंगाखाली धरा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या जस्ताच्या मिश्रधातूत जरासं शिसं मिसळलं गेलं असेल तर तो धातू आतल्या आत खराब होत जातो. फुगतो, भेगा पडतात, शेवटी शिळ्या बिस्किटासारखा हातात चुरतो. यावर इलाज नाही. म्हणून जुन्या गाड्यांना नवी चाकं बसवणं सर्रास चालतं आणि त्यात गैर काही नाही, फक्त विकताना ते सांगायला हवं. तुमची चाकं भेगाळलेली निघाली तर वाईट वाटून घेऊ नका. ती मूळचीच असण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

आता माप. एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत पट्टी लावा. 32 मिलिमीटर भरलं तर ती ओ गेज, म्हणजे 'ओ' नावाच्या रूळमापाची. फ्रँक हॉर्नबीच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं 1920 मध्ये चावीच्या गाड्या काढल्या त्या याच मापाच्या. 16.5 भरलं तर ती धाकटी पाती, हॉर्नबी डब्लो, 1938 सालची. डब्लोचा रूळ तीन पट्ट्यांचा असायचा, दोन पट्ट्यांचा 1959 पासून. 'एलएनईआर' ही रेल्वे 1923 ते 1947 एवढीच होती, त्यामुळे तुमची गाडी 1923 च्या आधीची नाही, एवढं बसल्या जागी ठरलं. उलट कुणी ब्रिटिश रेल्वेचं चिन्ह असलेलं इंजिन 'युद्धापूर्वीचं' म्हणून दाखवलं, तर सरळ नमस्कार करा. ती रेल्वे 1948 मध्ये जन्मली.

लोहचुंबकही लावून बघा. कल्हईच्या पत्र्याला चिकटेल, पितळ, जस्त आणि प्लास्टिकला चिकटणार नाही. मुरादाबादी पितळेची इंजिनं 'अँटिक' म्हणून इकडच्या प्रदर्शनांत फार विकली जातात. ती शोभेची वस्तू आहे, तिची चाकं कुठल्याच रुळाच्या मापात बसत नाहीत. पत्र्याचे चिनी डबेही येतात. त्यांच्यावर 'एमएस' किंवा 'एमएफ' अशी अक्षरं आणि पुढे आकडा सापडतो. आणि इंग्लंडची एस ट्रेन्स ही कंपनी 1990 च्या दशकात जुन्या हॉर्नबीच्या धर्तीवर सुंदर गाड्या काढू लागली, पण त्या विजेवर चालतात आणि आपलं नाव लपवत नाहीत. चांगली नक्कल वाईट नसते. नक्कल म्हणून विकली की झालं.

बाजारात मला सगळ्यात जास्त भेटते ती निखळ नक्कल नाहीच, खऱ्या सांगाड्यावर चढवलेला नवा रंग भेटतो. पंचवीस वर्षांपूर्वी मी एक लाल इंजिन घेतलं, त्या काळी दोन महिन्यांची कमाई मोजून. विकणाऱ्यानं 'हात न लागलेलं' म्हणून शपथ घेतली होती. घरी येऊन पोट उघडलं तर आसाच्या टोकांवर, स्क्रूच्या खाचेत, बेअरिंगच्या भोकात लाल रंग उतरलेला. कारखाना असं करत नाही. बसलेला रंग काढून मूळचा परत आणता येत नाही, म्हणून मला त्या इंजिनाची आजही हळहळ वाटते. छापील पत्र्याच्या डब्यांचं तर आणखी सोपं आहे: पत्रा आधी छापतात, मग कापतात आणि दुमडतात, त्यामुळे कापलेल्या कडेला कोरा पत्रा दिसायला हवा. कडाही रंगीत असतील तर रंग नंतर आलाय.

ट्रंकेत पुठ्ठ्याचा खोका असेल तर तो फेकू नका. खोक्याला गाडीइतकी मागणी असते, म्हणून खोकेही नव्यानं छापतात. किराणा दुकानात नोटा तपासायचा निळा दिवा असतो ना, तो रात्री अंधारात खोक्यावर धरा. कागद चमकदार पांढरा करणारी रसायनं साधारण 1950 नंतर सर्रास आली. जुना पुठ्ठा मळकट, काळपट दिसतो. तो निळा-पांढरा झळाळला तर तीसच्या दशकातला नाही.

साफसफाईबद्दल मनापासून विनंती आहे. मी एकदा डबा उजळावा म्हणून रॉकेलच्या बोळ्यानं पुसला आणि सोनेरी अक्षरं बोळ्यावर आली. ती अक्षरं म्हणजे वरून बसवलेला पातळ पापुद्रा असतो. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटका, बस. खोबरेल तर लावूच नका, ते काही वर्षांत चिकट होऊन यंत्र जाम करतं. आणि टिनाच्या खोलीत ठेवू नका. आपल्या मे महिन्यात तिथं रंगाचे पोपडे निघतात आणि पावसाळ्यात दुमडींतून गंज धरतो. भिंतीतल्या कपाटात, कपड्याच्या घडीत, ओल शोषणारी पुडी टाकून ठेवा.

मला तीन फोटो पाठवा: पोटाचा, चावीच्या भोकाचा आणि इंजिनाच्या मागच्या बाजूचा, जिथं ड्रायव्हरच्या जागेतून दोन दांड्या बाहेर येतात, एक ब्रेकची, एक उलट चालवायची. फोटो घरात नको, सकाळच्या उजेडात अंगणात काढा. तोवर चावी मात्र अजिबात देऊ नका. इतकी वर्षं पडून राहिलेल्या स्प्रिंगवरचं ग्रीस सुकून दगड झालेलं असतं, आणि ती तुटली तर उसळून शेजारचे दातेही घेऊन जाते.