शब्बाथ नेमका कुणाचा?

प्रिय बाळ,

प्रभूच्या नावे सलाम.

किचनमधला तुझा मित्र म्हणतो की रविवारी चर्चला जाणारे आपण सगळे दहा आज्ञांतली चौथी, म्हणजे शब्बाथ (सातवा दिवस, शनिवार) विसाव्यासाठी पवित्र पाळण्याची आज्ञा मोडतो, आणि पाळक म्हणतात की ती आज्ञा यहुद्यांचीच होती. तू विचारलंस, खरं कोण? माझं मत आधीच सांगतो. शब्बाथाचा करार इस्राएल लोकांशी झाला, तो आपण आपल्या नावावर करून घेऊ नये. पण त्या आज्ञेतल्या विसाव्यावर तुझ्या हाताखाली राबणाऱ्या प्रत्येकाचा हक्क आहे, मग तो कुठल्याही धर्माचा असो.

बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 31वा अध्याय काढ. शब्बाथ ही देव आणि इस्राएल यांच्यामधली कायमची खूण आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. यहुदी धर्मगुरूही तसंच मानत आले. नोहाच्या वंशजांसाठी, म्हणजे साऱ्या माणसांसाठी, ते ज्या सात आज्ञा सांगतात त्यांत शब्बाथ नाही. इतकंच काय, यहुदी व्हायला निघालेला माणूस दीक्षा पुरी होईपर्यंत शब्बाथाच्या दिवशी एखादं काम मुद्दाम करतो, कारण तो दिवस अजून त्याचा झालेला नसतो. यरुशलेमेत जमलेल्या प्रेषितांच्या सभेनेही परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांवर चारच गोष्टींचं बंधन घातलं (प्रेषितांची कृत्ये 15), त्यांत शब्बाथ नाही.

तुझा मित्र उत्पत्तीचा दुसरा अध्याय दाखवील: देवाने सातवा दिवस पवित्र केला तेव्हा इस्राएल कुठे होतं? यशया 56 दाखवील, जिथे शब्बाथ पाळणाऱ्या परक्यालाही देव आपल्या पर्वतावर आणतो. हे मुद्दे वजनदार आहेत, त्याच्याशी वाद घालताना ते उडवून लावू नकोस. पण यशयातला परका स्वतःहून कराराला धरून राहतो. त्याच्यावर कुणी सक्ती केलेली नाही.

आणि हा दिवस यहुद्यांनी कसा जपला ते आपल्या भागात राहून तरी विसरू नये. आपल्याच कोकणात, रायगडच्या किनाऱ्यावर, बेने इस्राएल, म्हणजे इथले यहुदी, घाण्यावर तेल काढायचे. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव दिलं. ती माणसं मराठीच बोलत होती. इकडे गोव्यात 1560 ते 1812 इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, मधली थोडी वर्षं सोडली तर. छुपा यहुदी शोधताना शनिवारी धुतलेले कपडे घालणं हीसुद्धा अशा न्यायालयांच्या लेखी गुन्ह्याची खूण असे. पणजीत ज्यांच्या नावाची बाग आहे ते वैद्य गार्सिया द ओर्ता 1568 साली वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळलं, आणि 1580 मध्ये खुद्द गार्सियांची हाडं उकरून जाळली. हे सगळं ख्रिस्ताच्या नावाने झालं. म्हणून ‘तो जुना करार होता, संपला’ असं कुणी सहज बोललं की मला वेदना होतात.

आता बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा 5वा अध्याय वाच, आणि सावकाश वाच. निर्गम 20 मध्ये विश्रांतीचं कारण सृष्टीची निर्मिती आहे, इथे कारण वेगळं आहे: तू मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास. म्हणून तुझा दास, तुझी दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या वेशीच्या आतला उपरा, सगळ्यांना तुझ्यासारखाच विसावा मिळावा. उपऱ्याने करार केलेला नाही, तरी सुट्टी त्यालाही आहे. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याला काम करावं लागतं, त्याच्याशी ही आज्ञा बोलते. ‘शब्बाथ मनुष्यासाठी झाला’ हे येशूचे शब्द मी याच अर्थाने वाचतो.

आणि बाळ, कांदोळीच्या त्या हॉटेलात हाऊसकीपिंगचं ड्युटी-चार्ट तूच लावतोस. झारखंड, ओडिशा, उत्तर कर्नाटकातून आलेली ती मुलंमुली सीझनभर आठवड्याची सुट्टी न घेता खोल्या आवरतात, हे मागे तूच मला सांगितलंस. तुझी वेस म्हणजे ते हॉटेल. साप्ताहिक सुट्टी कायद्यानेही त्यांच्या हक्काची आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली तीसुद्धा कुणी आपणहून दिली नाही, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांना त्यासाठी मालकांशी झगडावं लागलं.

रविवारचं म्हणशील, तर रोमी बादशहा कॉन्स्टंटाइनने 321 साली त्या दिवशी शहरी कामकाज बंद ठेवलं, शेतकऱ्यांना मात्र सूट दिली. ख्रिस्ती लोक आठवड्याच्या पहिल्या दिवशी त्याच्या कितीतरी आधीपासून जमत होते. वाराच्या वादात याहून खोल जाऊ नकोस. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या 14व्या अध्यायात हा प्रश्न ज्याच्या त्याच्या मनाच्या खात्रीवर सोडतो. तुला शनिवार पाळावासा वाटला तर पाळ, मी अडवणार नाही. फक्त त्या दिवशी तुझ्या वाटच्या खोल्या दुसऱ्या कुणाच्या सुट्टीवर टाकू नकोस.

मॅनेजरकडे जाताना नवा चार्ट कागदावर आखूनच ने. सुट्ट्या आळीपाळीने लावल्या तर चेकआउटच्या गर्दीतही माणसं पुरतात का, ते आधी मांडून बघ. रविवारी उपासनेनंतर वास्कोला थांबलास तर आपण दोघं मिळून आखू.

तुझा,
काका