डोगॉन लोकांना व्याध (सिरियस) ताऱ्याचा न दिसणारा जोडीदार कसा ठाऊक होता? ते ज्ञान परग्रहावरून आलं का?

थोडक्यात उत्तर: नाही. आणि साध्या डोळ्यांनीही तो कुणी पाहिलेला नाही.

तुमचा प्रश्न असा की पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमधल्या डोगॉन जमातीकडे दुर्बीण नव्हती, तरी व्याधाभोवती ५० वर्षांत फेरी मारणारा लहानसा पण प्रचंड जड तारा त्यांच्या कथांमध्ये कसा. त्यांच्या पूर्वजांची नजर तेवढी तीक्ष्ण होती, की व्याधाकडून आलेल्या कुणी सांगितलं? मी हौशी आकाशनिरीक्षक आहे. आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात व्याधाकडे बोट दाखवलं की हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी नजरेचा मुद्दा. व्याध हा रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, प्रत उणे १.४६ (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). त्याचा जोडीदार, ज्याला व्याध ब म्हणतात, तो साधारण ८.४ प्रतीचा. अगदी काळोख्या आकाशात चांगल्या नजरेला सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. म्हणजे हा तारा एकटा असता तरी डोळ्यांना दिसला नसता. त्यात तो सुमारे दहा हजार पट तेजस्वी ताऱ्याला चिकटून, ३ ते ११ विकलांच्या अंतरावर बसलाय (एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला). दोन बिंदू वेगळे ओळखायला आपल्या डोळ्याला त्यांच्यात ६० विकलांच्या आसपास अंतर लागतं. फ्रीडरिश बेसेलने १८४४ मध्ये या जोडीदाराचं अस्तित्व ओळखलं तेही न बघताच, व्याध आकाशात सरळ न सरकता हेलकावे खात सरकतोय हे मोजून. प्रत्यक्ष दिसला तो ३१ जानेवारी १८६२ ला, अमेरिकेत अल्व्हन ग्रॅहॅम क्लार्क साडेअठरा इंची नव्या भिंगाची चाचणी घेत होता तेव्हा.

इथे एक पळवाट पुढे केली जाते: प्राचीन काळी व्याध ब हा फुगलेला, लाल, तेजस्वी तारा असेल आणि लोकांनी तो तेव्हा पाहिला असेल. याला आधार म्हणून टॉलेमी या प्राचीन ग्रीक खगोलशास्त्रज्ञाचा दाखला देतात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या त्याच्या तारासूचीत व्याधाला तांबूस म्हटलंय, ते खरंच आहे. पण त्याच्याही आधी, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराला, चीनच्या सिमा छ्यान या इतिहासकाराने पांढऱ्या रंगाचा नमुना म्हणून हाच तारा दिला होता. आणि व्याध ब लाल राक्षसी अवस्था संपवून श्वेत बटू, म्हणजे आकसून घट्ट झालेला लहानसा तारा, झाला त्याला बारा कोटी वर्षांच्या आसपास झाली. ते पाहायला माणूस नव्हता. टॉलेमीला तांबूस का वाटलं यावर वाद घालत बसता येईल. क्षितिजाजवळ व्याध कसे रंग बदलतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना मात्र त्यात फार गूढ वाटणार नाही.

आता मूळ मुद्दा. ही गोष्ट आली कुठून? डोगॉन लोक बांदियागाराच्या कड्याच्या परिसरात राहतात. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ मार्सेल ग्रिओल १९३१ मध्ये तिथे पहिल्यांदा पोचला आणि पुढे जन्मभर जात राहिला. १९५० मध्ये त्याने आणि जर्मेन दिएतेर्लेन या सहकारी विदुषीने मिळून एक लेख छापला. व्याधाभोवती फिरणारा 'पो तोलो' नावाचा तारा आधुनिक वाचकांना पहिल्यांदा भेटतो तो या लेखात. पो हे तिथलं सगळ्यांत बारीक दाण्याचं धान्य. या कथेत सृष्टीची सुरुवातच त्या दाण्यापासून होते, त्यामुळे सगळ्यांत लहान आणि तरी सगळ्यांत जड तारा ही कल्पना तिथे शोभून दिसते. माहिती मोजक्याच जाणकारांकडून घेतलेली होती. आणि दोघा लेखकांनी स्वतःच प्रांजळपणे लिहिलंय की उपकरणांशिवाय हे या लोकांना कसं कळलं, हा प्रश्न आपण सोडवलेला नाही, विचारलेलाही नाही. पुढे जे काही रामायण झालं ते त्या न विचारलेल्या प्रश्नावरच.

हा प्रश्न मी नेहमी एकाच बाजूने तपासतो. माहितीला वय असतं. एखाद्या नोंदीत काय आहे, काय चुकलंय आणि काय मुळातच नाही, हे बघितलं की ती कधीची आहे ते बऱ्यापैकी कळतं. डोगॉन लोकांच्या नावावर जमा असलेलं खगोलशास्त्र या कसोटीला लावून बघा.

व्याध ब अतिशय जड आहे हे उघड झालं ते १९१५ नंतर. वॉल्टर अॅडम्सने अमेरिकेतल्या माउंट विल्सन वेधशाळेतून त्याचा वर्णपट घेतला, तेव्हा तो मंद असूनही भलताच तापलेला निघाला. एवढा तापलेला तारा एवढा मंद असेल तर तो आकाराने चिमुकलाच हवा, आणि वस्तुमान तर जवळपास सूर्याएवढं. १९२० च्या दशकात ही बातमी गाजली. एडिंग्टन या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाने तर काडेपेटीत मावेल एवढ्या तुकड्याचं वजन टनभर भरेल असं सांगून लोकांना चाट केलं. (आजच्या हिशोबाने तो अंदाज फारच कमी होता. व्याध ब च्या एका घन सेंटिमीटरचं वजनच दोन टनांवर जातं.) विश्वातली सगळ्यांत जड वस्तू हीच, असं त्या काळी म्हणणं स्वाभाविक होतं. याहून कितीतरी घन असलेले न्यूट्रॉन तारे प्रत्यक्ष सापडले ते १९६७ नंतर. ताऱ्यांमधून प्रवास करणाऱ्यांनी शिकवणी घेतली असती, तर त्यांनी श्वेत बटूला 'सगळ्यांत जड' म्हटलं असतं का?

गुरू घ्या. याच दोघांच्या लिखाणात डोगॉन लोकांचा गुरू चार चंद्रांचा आहे आणि शनीला कडं आहे. चार चंद्र म्हणजे गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले, आजही साध्या दुर्बिणीतून दिसतात ते. ग्रिओल मालीत पोचला तेव्हा पुस्तकांत नऊ होते, आज नव्वदहून जास्त मोजले गेलेत. दुसऱ्या सूर्यमालेतून आलेल्यांना बरोबर तेवढे चारच दिसावेत?

पण मला सगळ्यांत बोलका वाटतो तो तिसरा तारा. ग्रिओलच्या नोंदीत व्याधाला आणखी एक जोडीदार आहे, 'एम्मे या तोलो'. ज्यांना चमत्कार हवाय ते म्हणतात, बघा, विज्ञानाला अजून न सापडलेला तारा! गंमत अशी की १९२० च्या दशकात काही अनुभवी निरीक्षकांनी व्याधाच्या परिसरात तिसरा तारा दिसल्याचं खरोखरच नोंदवलं होतं. पुढच्या निरीक्षणांत तो टिकला नाही, आणि हबल दुर्बिणीच्या मोजमापांतही त्याचा माग नाही. म्हणजे डोगॉन कथेत १९२० च्या दशकातलं खरं खगोलशास्त्र आहे, आणि त्याच दशकातली चूकसुद्धा आहे. उत्तरं सारखी असली तर योगायोग म्हणता येईल. चुकाही सारख्या निघाल्या की परीक्षक काय समजायचं ते समजतो.

मग ते गेलं कसं? इथे दोन-तीन वाटा आहेत आणि नेमकी कोणती, हे ठामपणे सांगायला कागदोपत्री पुरावा नाही. १९ व्या शतकाच्या अखेरीला तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात गेला होता. सैनिक, मिशनरी, शिक्षक येत-जात होते. १६ एप्रिल १८९३ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ऑंरी देलांद्र हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ सेनेगलपर्यंत आला होता, त्याच्याही मोहिमेकडे काहींनी बोट दाखवलंय. मला स्वतःला हा धागा ओढूनताणून आणलेला वाटतो. सेनेगलचा किनारा आणि बांदियागारा यांत अंतर फार आहे, आणि १८९३ मध्ये व्याध ब च्या जडपणाचा गवगवा झालाच नव्हता.

त्यापेक्षा वॉल्टर फान बेक या डच मानववंशशास्त्रज्ञाचं म्हणणं जास्त पटतं. त्याने डोगॉन लोकांमध्ये अनेक वर्षं राहून काम केलं आणि १९९१ मध्ये ते प्रसिद्ध केलं. व्याधाला जोडीदार आहे ही गोष्ट त्याला सर्वसामान्य डोगॉन लोकांकडे आढळलीच नाही. ग्रिओलबरोबर काम केलेले जे होते, त्यांचंही 'सिगी तोलो' (ग्रिओलच्या नोंदीत व्याधाचं नाव) म्हणजे आकाशातला नेमका कोणता तारा यावर एकमत नव्हतं. कुणी न दिसणारा तारा म्हणे, कुणी शुक्र म्हणे. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, या ताऱ्याबद्दल आपल्याला कळलं ते ग्रिओलकडून.

यावर ग्रिओल लबाड होता असा अर्थ काढू नका. त्या लोकांचं त्याच्यावर प्रेम होतं. सांगा गावाजवळ बंधारा बांधायला त्याने मदत केली आणि १९५६ मध्ये तो वारल्यावर डोगॉन लोकांनी आपल्या पद्धतीने त्याचे अंत्यविधी केले. अशा मानाच्या पाहुण्याने पुन्हा पुन्हा, आग्रहाने विचारलं की या तेजस्वी ताऱ्याजवळ आणखी काही आहे का, तर 'नाही' म्हणणं अवघड जातं. वर्षानुवर्षं चाललेल्या गप्पांमध्ये प्रश्नातला तारा उत्तरात उतरतो आणि दोघांपैकी कुणाच्याही लक्षात येत नाही. दुसरी बाजूही सांगतो: ग्रिओलची मुलगी जनव्हिएव्ह कलाम-ग्रिओल, स्वतः डोगॉन भाषेची अभ्यासक, तिने फान बेकला उत्तर दिलं की गूढ ज्ञान परक्याला कुणी सांगत नसतं, त्याला ते मिळालं नाही एवढंच. आक्षेप विचार करण्यासारखा आहे. पण गुप्त ज्ञान नेमकं १९२० च्या दशकाशी का जुळतं, याचं उत्तर त्यात मिळत नाही.

परग्रहवासी या गोष्टीत शिरले ते १९७६ मध्ये, रॉबर्ट टेंपलच्या 'द सिरियस मिस्टरी' या पुस्तकातून. डोगॉन कथांमधले नोम्मो हे पाण्यातले आद्य जीव, आणि बॅबिलोनचा पुरोहित बेरोसस सांगतो तो माणसांना विद्या देणारा मत्स्यरूपी ओआनेस, हे दोघं जोडून त्याने मांडलं की व्याधाच्या ग्रहमालेतले उभयचर जीव पाच हजार वर्षांपूर्वी पृथ्वीवर आले आणि ते ज्ञान इजिप्तमार्गे मालीत पोचलं. पुस्तकात छापलेली लंबवर्तुळाची आकृती आजही सगळीकडे फिरते, व्याध ब ची कक्षा म्हणून. ग्रिओलच्या मूळ आकृतीत त्या अंडाकृतीच्या आत इतरही बरीच चिन्हं आहेत. ती गाळली की उरतं ते कक्षेसारखं दिसतं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९६६ मध्ये ओआनेसची कथा निदान तपासून बघण्याजोगी आहे असं म्हटलं होतं. तेच सेगन १९७९ मध्ये डोगॉनबद्दल लिहिताना मात्र, कुणा पाश्चात्त्य पाहुण्याकडून ही माहिती गेली असावी, या निष्कर्षाला आले.

आणि व्याधाकडे राहणार कोण? त्या जोडीचं सगळं वय चोवीस-पंचवीस कोटी वर्षं. पृथ्वीवर नुसती बहुपेशीय सृष्टी बहरायलाच त्याच्या कितीतरी पट काळ लागला. त्यात व्याध ब मुळात सूर्याच्या पाचपट वस्तुमानाचा, फुगून बाहेरचे थर उधळून दिलेला. अशा शेजारात उभयचरांची संस्कृती उभी राहावी हे फारच झालं.

जाता जाता, आपल्याकडे हसण्यासारखं काही नाही. वसिष्ठ आणि अरुंधती हे तारे एकमेकांभोवती फिरतात हे आपल्या ऋषींना ठाऊक होतं, म्हणून लग्नात अरुंधती दाखवतात, असा संदेश तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. ते दोन तारे १२ कलांच्या, म्हणजे अंशाच्या पाचव्या भागाच्या, अंतरावर आहेत, कुणालाही नुसत्या डोळ्यांनी दिसतात, आणि खरंच एकमेकांना बांधलेले असले तरी एका फेरीला लाखो वर्षं लागतील. ते फिरताना कुणीही पाहिलेलं नाही. याउलट ऐतरेय ब्राह्मणात मृगरूप प्रजापती, त्याच्यामागे लागलेला व्याध आणि तीन पेरांचा बाण अशी सगळी कथा आकाशात मांडलेली आहे. तिच्यात न दिसणारं काहीच नाही, आणि तरी ती एकदा ऐकली की मृग नक्षत्र विसरता येत नाही.

शेवटी डोगॉन लोकांचं जे स्वतःचं आहे त्याबद्दल. दर ६० वर्षांनी त्यांचा सिगी नावाचा विधी होतो आणि तो गावागावांतून पुढे सरकत अनेक वर्षं चालतो. मागचा १९६७ ते १९७३ मध्ये झाला, तो ज्याँ रूश या फ्रेंच चित्रपटकाराने चित्रित करून ठेवलाय. त्याआधीचा १९०७ ला सुरू झाला होता आणि पुढचा २०२७ ला यायचा आहे. व्याध ब ची फेरी ५० वर्षांची. तो व्याधाच्या सर्वांत जवळ १८९४, १९४४ आणि १९९४ च्या सुमाराला आला, सर्वांत लांब १९१९, १९६९ आणि २०१९ च्या आसपास गेला. म्हणजे १९०७ मध्ये तो दूर जाण्याच्या मध्यावर होता, १९६७ मध्ये जवळपास टोकाला, आणि २०२७ मध्ये टोक ओलांडून आठ वर्षं झालेली असतील. तिन्ही सिगी कक्षेच्या तीन वेगळ्या ठिकाणी. विधीची वेळ या ताऱ्यावरून ठरते, हे मला यातून तरी दिसत नाही.

स्वतः पाहायचा असेल तर सध्याची वर्षं चांगली आहेत, कारण तो अजून व्याधापासून ११ विकलांच्या आसपास आहे. आठ-दहा इंची दुर्बीण, भरपूर विशालन आणि अजिबात न थरथरणारी हवा लागेल. व्याध आकाशात सर्वांत उंच असताना त्याच्या ईशान्येच्या अंगाला शोधा. पहिल्या रात्री दिसला नाही तर दुर्बिणीला दोष देऊ नका, बहुतेक वेळा हवाच आडवी येते.