नंबर लागला नाही, पुन्हा बसू का?

*ताई, मी १८ वर्षांची, राहणार इचलकरंजी. बाबा यंत्रमागावर जॉबर आहेत, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करतात. यंदा बारावीबरोबर अहमदाबादच्या एनआयडीसाठी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेसाठी, डॅट ही प्रवेशपरीक्षा दिली. प्रिलिम्स निघाली, मेन्सला नंबर लागला नाही. पुण्याच्या क्लाससाठी बाबांनी पतसंस्थेतून ७० हजार उचलले होते. सर म्हणतात, नशिबाने दगा दिला, रिपीटर बॅचला ये, आणखी ४५ हजार भर. इकडे कोल्हापूरला कलेच्या फाउंडेशन कोर्सला प्रवेश मिळतोय. निकालापासून बाबा गप्प आहेत आणि गल्लीत जो तो विचारतो, ‘लागला का नंबर?’ पुन्हा बसू का? सोबत माझी तीन चित्रं पाठवतेय. – नापास*

सही आधी बदल. प्रिलिम्स काढलेली पोरगी नापास कशी?

पुन्हा बस. पण आधी वयाचा हिशेब कर. एनआयडीच्या बी.डेस. या पदवीला सर्वसाधारण गटासाठी २० वर्षांची अट आहे, काही गटांना सवलत मिळते. तुझी जन्मतारीख आणि येत्या वर्षाची माहितीपुस्तिका शेजारी ठेवून बघ. माझ्या अंदाजाने तुझ्या हातात एकच खेप आहे. जानेवारीत आयआयटीवाल्यांची डिझाइनची प्रवेशपरीक्षा, यूसीड असते, तीही दे. ती लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते आणि बारावी होऊन एकच वर्ष झालेलं चालतं, म्हणजे तिथेही तुझं हे शेवटचंच वर्ष. आणि अहमदाबाद हा एकच शब्द जपत बसू नकोस. त्याच डॅटवर कुरुक्षेत्र, भोपाळ, जोरहाट आणि आंध्रातल्या एनआयडीचीही दारं उघडतात.

आता चित्रांकडे वळते. राग मानू नकोस.

पहिल्यात रेल्वेचा प्लॅटफॉर्म, दुसऱ्यात जत्रेतला पाळणा, तिसऱ्यात म्हातारीला रस्ता ओलांडून देणारा रोबो. रेषा स्वच्छ आहे, पर्स्पेक्टिव्ह बिनचूक आहे. प्लॅटफॉर्मवर मात्र लाल डगल्यातला हमाल, चहाची किटली आणि बाकाखाली झोपलेलं कुत्रं. हे कुत्रं मी ओळखते. गेल्या काही वर्षांत मला ज्या ज्या मुलांनी अशी चित्रं पाठवली, त्यांतल्या निम्म्यांच्या बाकाखाली ते झोपलेलं होतं. तपासणाऱ्यासमोर तर गठ्ठेच्या गठ्ठे असतात.

प्रिलिम्स निघाली आणि मेन्समध्ये गाडी अडली, यातच उत्तर आहे असं मला वाटतं. मेन्सच्या स्टुडिओ टेस्टमध्ये तार, पुठ्ठा, कागद असलं काहीतरी समोर ठेवतात आणि हाताने करून दाखवायला सांगतात. तिथे पाठ केलेलं कुत्रं कामाला येत नाही. रिपीटर बॅचमध्ये तेच सर, तेच प्लॅटफॉर्म. ते ४५ हजार वाचव.

मी तरुणपणी एका मोठ्या संस्थेत दोनदा अर्ज केला होता. दुसऱ्या वर्षी फक्त तारीख बदलून जुनाच अर्ज पाठवला. नकारही जुनाच आला, बहुधा त्यांनीही तारीखच बदलली असावी.

ज्या संस्थेत तुला जायचंय तिच्या जन्माची गोष्ट क्लासमध्ये सांगितली का? १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी डिझायनर जोडपं सरकारच्या बोलावण्यावरून भारतात हिंडलं आणि त्यांनी एक अहवाल लिहिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये एनआयडी उभी राहिली. देशभर पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यात भावला तो आपला लोटा, तांब्याच म्हण ना. मग ते विचारत सुटले: यात पाणी किती मावावं? डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे? आतून हात घालून घासता येतो का? ओतताना धार कशी पडते? आवाज कसा येतो?

हेच प्रश्न तू धोट्याला, मागात आडवा दोरा नेणाऱ्या त्या लाकडी तुकड्याला विचार. जॉबरची मुलगी तू, आणि तीन चित्रांत एकही माग नाही! घरात कुठेतरी जुना धोटा पडलेला असेलच. हातात घे. लाकूड कुठे गुळगुळीत झालंय आणि कुठे चिरलंय ते बघ, टोकांना लोखंड कशाला बसवलंय ते बघ. दोरा गुंडाळलेली कांडी आत कशी बसते, दोरा कुठल्या डोळ्यातून बाहेर येतो? शंभरदा काढ, मग पुठ्ठ्याचा करून बघ. वहिफणीत एकेक दोरा ओवणाऱ्यांची बोटं काढ, कापडाच्या घड्या घालणाऱ्याची पाठ काढ. एनआयडीत टेक्स्टाइल डिझाइनही शिकवतात, पण तेच घे असं मी म्हणत नाहीये. माग सोडून जायचं असेल तर खुशाल सोड, तो नीट बघितल्यावर.

कोल्हापूरचा प्रवेश घेऊन टाक. वर्षभर घरी बसशील तर गल्लीतल्या प्रश्नाला उत्तरं देण्यातच दिवस जाईल. फाउंडेशनला रोज हातात काम राहील, माती-कागदाशी ओळख होईल, आणि अहमदाबाद नाहीच झालं तरी पुढची वाट तिथूनच निघते. एसटीच्या प्रवासात स्केचबुक मांडीवर ठेव. हलत्या गाडीत रेष वाकडी येईल, येऊ दे. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून निघू लागतात, तेव्हा शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस.

राहता राहिले बाबा. त्यांचं गप्प राहणं तू राग समजतेस. मला त्यात पतसंस्थेचा हप्ता दिसतो. क्लास लावत नाहीये हे त्यांना आजच सांग, फाउंडेशनची फी आणि दोन्ही परीक्षांच्या फॉर्मचे पैसे मिळून आकडा कागदावर लिहून दे. नंतर धोटा पुढ्यात ठेव आणि विचार, हा मागातून उडतो तेव्हा बिघाड नेमका कुठे असतो? जॉबर माणूस या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर देऊच शकत नाही.

ते बोलत असताना त्यांचे हात काढ. ते चित्र मला पाठव. कुत्र्याला घरी ठेव.

– तुझी ताई