घरात गाणे ऐकताना ब्लूटूथ, वायफाय की वायर: आवाज कशाने चांगला येतो?

मोबाईलमधले गाणे घरातल्या स्पीकरवर ब्लूटूथने, वायफायने किंवा वायरने ऐकले तर खरोखर फरक पडतो, की ती केवळ समजूत आहे, असे आपण विचारले आहे. ‘समजूत’ हाच शब्द चार वर्षांपूर्वी आमच्या मिरजेच्या घरात माझ्या वडिलांना ऐकावा लागला होता, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

अण्णा बेचाळीस वर्षे तानपुऱ्यांची जवारी, म्हणजे तारेचा भरलेला झंकार, काढत होते. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा कानसीने केसभर घासायचा, तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि एका छेडीतून स्वरांची अख्खी ओळ उलगडेपर्यंत ऐकत राहायचे, हे त्यांचे काम. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे अशाच कानांची पुण्याई आहे, असे मी मानतो.

त्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या मोठ्या भावाने, म्हणजे दादाने, एक स्वस्तातला ब्लूटूथ रिसीव्हर आमच्या जुन्या ॲम्प्लिफायरला जोडला आणि मोबाईलवरून ख्यालाची एक मैफल लावली. गायकाने अजून षड्जही लावला नव्हता, नुसते तानपुरे चालले होते. तेवढ्यात अण्णा माजघरातून बाहेर आले आणि म्हणाले, “दादा, या तानपुऱ्याची जवारी बसलीय रे. कुणी काढली?” दादा म्हणाला, “अण्णा, बहात्तराव्या वर्षी कानाला काय कळणार? सगळं डिजिटल आहे, ब्लूटूथ काय नि वायर काय. तुमची समजूत आहे ती.” अण्णा एक शब्दही न बोलता आत गेले. चाळीस वर्षांत त्यांच्या कानावर एकाही गवयाने शंका घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पाहिले, तर ॲपमध्ये दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर होता आणि मोबाईलचे नेट मंद असल्यामुळे गाणेच मुळात कमी दर्जाचे येत होते. तो सर्वांत वरच्या पायरीवर नेल्यावर अर्धा दोष गेला. उरलेल्या अर्ध्यासाठी मी अण्णांनीच जवारी काढलेल्या तानपुऱ्याचे सीडीच्या दर्जाचे ध्वनिमुद्रण केले. तीच फाईल कधी ब्लूटूथने, कधी वायफायने, तर कधी यूएसबी डॅकला, म्हणजे डिजिटल फाईलचे ॲम्प्लिफायरला चालणाऱ्या संकेतात रूपांतर करणाऱ्या छोट्या यंत्राला, वायर जोडून लावली. अण्णा पाठमोरे बसले होते. वायफाय आणि वायर यांत त्यांना काहीच फरक सांगता आला नाही, आणि तसे त्यांनी स्वच्छ सांगितले. ब्लूटूथ मात्र त्यांनी बारापैकी दहा वेळा अचूक ओळखले.

याचे कारण सरळ आहे. सीडीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट असतो. ब्लूटूथच्या मूळच्या एसबीसी पद्धतीत तो चांगल्या जुळणीतही साधारण ३२८ किलोबिटमध्ये कोंबला जातो आणि स्वस्त रिसीव्हर त्याहूनही खाली उतरतो. ही पद्धत आवाजाचे बहुधा आठ पट्टे करते आणि उपलब्ध बिट त्यांत वाटते. तानपुऱ्याचे स्वरांश, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर, अनेक पट्ट्यांवर पसरलेले असल्यामुळे कुणाच्याच वाट्याला पुरेसे येत नाहीत आणि छेडीच्या शेपटाला खरखर चिकटते. ॲपवरचे गाणे बहुधा आधीच दाबलेले, म्हणजे काही तपशील गाळून लहान केलेले असते, ते ब्लूटूथवर पुन्हा एकदा दाबले जाते. वायफायवर ही दुसरी दाबणी होत नाही. क्रोमकास्ट किंवा स्पॉटिफाय कनेक्ट वापरल्यास स्पीकर गाणे स्वतःच इंटरनेटवरून घेतो आणि मोबाईल केवळ रिमोटचे काम करतो.

तेव्हा घरात बसून लक्ष देऊन ऐकायचे असेल, तर वायफाय घ्यावे. राउटर दूर असेल तर वायर जोडावी; पण महागडी वायर घेऊ नये, कारण त्या पैशात स्पीकर बदलता येतो आणि तो फरक कुणालाही ऐकू येतो. वयाने कानाला वरचे, फार बारीक आवाज कमी ऐकू येतात, हे दादाचे म्हणणे खरे आहे. परंतु जवारीचा बराचसा खेळ त्याच्या खालीच चालतो, हे त्याने कधी विचारात घेतले नाही.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. आमचा रिसीव्हर जुना होता. सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जाणाऱ्या एलडॅक या ब्लूटूथच्याच दुसऱ्या पद्धतीचा रिसीव्हर पुढे आणला, तेव्हा अण्णांना तो खात्रीने ओळखता आला नाही. तुलना करताना तिन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवावा, नाहीतर जे जरा मोठे वाजते तेच चांगले वाटते. आणि १९३७ साली निवर्तलेल्या गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्या ऐकायच्या असतील, तर चांगले ब्लूटूथही पुरते, कारण अतिबारीक स्वरांश त्या तबकड्यांत मुळातच फारसे उतरलेले नाहीत.

दादाने ही चाचणी अजून दिलेली नाही. ती फाईल आणि तो जुना रिसीव्हर मी जपून ठेवले आहेत.