मनी ओकते, पण कशी?

‘मांजरच ते, ओकणारच’ म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्ष करणारी माणसं आमच्या दवाखान्यात येतात आणि उलटीत केसांची एक वळकटी पडली म्हणून रात्री घाबरून फोन करणारीही असतात. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांच्या तपासणीआधी आणि नंतर घरच्यांशी बोलणं हे माझं काम. मांजराला काय होतंय याची निम्मी माहिती या बोलण्यातच मिळते.

गौरी-गणपतीनंतर कोथरूडहून एक सासू-सून आल्या. बास्केटमध्ये दोनेक वर्षांची मनी. वाद घरूनच सुरू झाला असावा.

“हिने ते पाकिटातलं नवीन खाणं सुरू केलं ना, तेव्हापासून,” सासूबाई म्हणाल्या.

“आई तिला दूध पाजतात, ते नाही सांगत!”

दोघींचंही थोडंथोडं बरोबर होतं. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. खाणं एकदम बदललं तरी पोट बिघडतं. जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावं. पण दोष कुणाचा हे मी बाजूला ठेवलं आणि विचारलं, “ती ओकते कशी, ते सांगा.”

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पोट आत-बाहेर ओढून बाहेर पडते ती उलटी. खाल्ल्या खाल्ल्या काही जोर न लावता अख्खे दाणे बाहेर आले, तर ते पोटापर्यंत पोचलेलेच नसतात. बकाबका खाणाऱ्यांचं असं होतं. आणि मान पुढे ताणून, जमिनीलगत वाकून नुसता खर्र-खर्र आवाज, बाहेर काहीच नाही, तर तो खोकला किंवा दमा असू शकतो. सांगता येत नसेल तर मोबाईलवर व्हिडिओ काढून आणा. डॉक्टर खूश होतात.

मनी पिवळा फेस ओकत होती. दोन दिवस अन्नाला तोंड नाही, पलंगाखाली अंग आखडून बसलेली. “गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवसापासून,” सून म्हणाली. खाली काय काय पडलं होतं, असं विचारल्यावर सासूबाई थबकल्या. निर्माल्याची पिशवी रात्रभर दारामागे होती. त्यात गजरे.

डॉक्टरांनी मनीचं तोंड उघडलं, हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली. जिभेच्या मुळाशी पांढरा दोरा रुतलेला. सासूबाईंचा हात ओढायला पुढे झालाच होता, डॉक्टरांनी अडवला. एक टोक जिभेत अडकलेलं, दुसरं आतड्यात. नाडी ओढल्यावर नेफा चुण्या होऊन गोळा होतो, तसं आतडं त्या दोऱ्यावर गोळा होतं आणि दोरा त्याला कापू लागतो. शेपटीखालून लोंबणारा दोराही म्हणूनच ओढायचा नाही. एक्स-रे, सोनोग्राफी, सलाईन आणि त्याच दिवशी ऑपरेशन. मनी वाचली.

“मीच पिशवी तिथे ठेवली,” सासूबाई डोळे पुसत होत्या. मी त्यांना मांजराच्या जिभेबद्दल सांगितलं. तिच्यावरचे काटे घशाच्या दिशेने वळलेले असतात. दोरा एकदा तोंडात गेला की थुंकणं तिला अवघड जातं.

मग कधी धावायचं? कधीतरी उलटीत केस पडले आणि मांजर लगेच खेळायला, खायला लागलं, तर थांबा. पण दिवसात पुन्हापुन्हा उलटी, रक्त, पाणीही न टिकणं, दिवसभर उपास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बोका उलटी करतोय आणि लघवीला बसूनही होत नाहीये, तर तासांचाही उशीर नको. घरात लिलीची फुलं असतील तर तेही सांगा; तिचे परागकणसुद्धा मांजराची किडनी निकामी करतात. पॅरासिटामॉल कधीच देऊ नका, एक गोळीही जीव घेऊ शकते. म्हातारं मांजर आठवड्याला ओकतंय आणि वाळतंय, तर केसांना दोष न देता किडनी आणि थायरॉईडसाठी रक्त तपासून घ्या.

मनीला घरी नेताना सासूबाईंनी विचारलं, “आता एखादा दिवस लंघन?” नाही! मांजराला लंघन सोसत नाही. विशेषतः जाड मांजर काही दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून नवंच दुखणं उभं राहतं. थोडं थोडं, दिवसातून बऱ्याचदा खायला द्यायचं. डॉक्टरांनी बिनमिठाचं उकडलेलं चिकन लिहून दिलं, कांदा-लसूण अजिबात नाही. सासूबाईंच्या स्वयंपाकघरात ते शिजणं शक्यच नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने जबाबदारी घेतली, डबा वर न्यायचं काम सुनेकडे.