बीटल्सच्या आधीचे ब्रिटिश रॉक अँड रोल गायक आज ऐकण्यासारखे आहेत का? असतील तर सुरुवात कोणापासून करू?

हो आहेत, आणि सुरुवात सरळ बिली फ्युरीपासून करा, १९६० चा 'द साउंड ऑफ फ्युरी' हा अल्बम. कारण त्या काळात तिकडचे बरेच गायक अमेरिकन हिट गाणीच परत गायचे, पण या अल्बममधली दहाच्या दहा गाणी या लिव्हरपूलच्या पोराने स्वतः लिहिलीत, काही टोपणनावाने, आणि गिटारवर जो ब्राउन आहे, तो तर कानात बसतो. (फ्युरी हे नाव खरं नाही बरं का, मॅनेजर लॅरी पार्न्स आपल्या पोरांना असली झणझणीत नावं द्यायचा, मार्टी वाइल्ड पण त्यातलाच.) मग हे दोन ऐका:

- क्लिफ रिचर्ड, 'मूव्ह इट', १९५८. हा आपल्या लखनौत जन्मलेला
- जॉनी किड, 'शेकिंग ऑल ओव्हर', १९६०, ब्रिटनमध्ये नंबर एकला गेलेलं

हे सगळं ऐकूनच सांगतोय, फक्त एक, क्लिफची नंतरची गाणी लावून मत बनवू नका, तो लवकरच गुळगुळीत पॉपकडे वळला आणि तिथे हा दणका नाही सापडणार.