मुंबई ते नागपूर विमानाने अंतर किती, वेळ किती लागतो आणि सकाळच्या फ्लाइटने 11 च्या लग्नाच्या मुहूर्ताला पोचू का?

माझं माहेर नागपूर आणि सासर डोंबिवली, त्यामुळे हा हिशोब मी दर दिवाळीला करते.

सरळ रेषेत अंतर साधारण 680 किमी आहे. रेल्वेने सीएसएमटीपासून 837, आणि समृद्धी महामार्ग 701 किमीचा, पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो, पुढचं ट्रॅफिक तुमचं तुम्ही बघायचं. विमान हवेत असतं तासभर, फार तर सव्वा तास. तिकिटावर मात्र दीड तासाच्या आसपास लिहिलेलं असतं कारण तो वेळ गेटपासून गेटपर्यंतचा धरतात, आणि मुंबईत विमान गेटवरून निघालं म्हणजे उडालं असं नाही हो. इथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच वापरतात, मग रांगेत उभं राहा. येताना तर अजून मजा, एकदा आम्ही मुंबईच्या अलीकडेच पाऊण तास घिरट्या घातल्या, खाली लाइट दिसतायत आणि हे उतरवतच नाहीत, माझा मुलगा म्हणे आई आपण परत नागपूरला चाललोय का!! हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून जोरात असतो, त्यामुळेही जाताना थोडं लवकर आणि येताना थोडा उशीर होतो.

आता तुम्हाला गाठायचं ते लग्न. सहा-साडेसहाची फ्लाइट असेल तर निवांत पोचाल, आठपर्यंत सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर उतरलात की बॅग घेऊन सीताबर्डीकडे अर्ध्या तासात. साडेआठची घेतलीत तर अक्षता हातात घेऊन टॅक्सीत बसाल, मी तरी ती घेणार नाही. फक्त सहाच्या फ्लाइटला बॅग टाकायची असेल तर काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणजे डोंबिवलीहून मी पहाटे तीनला कॅबने निघते, त्या वेळी मेट्रो नसते. दुपारची फ्लाइट असेल तर लोकलने घाटकोपर, मेट्रोने मरोळ नाका, तिथे अ‍ॅक्वा लाइन पकडून पुढचंच स्टेशन विमानतळाचं टी-2 टर्मिनल, कॅबपेक्षा कितीतरी स्वस्त. थोडक्यात विमान तासाभराचं असलं तरी घर ते घर पाच तास धरा. हॉल कामठीकडे असेल तर अजून पाऊण तास.

आणि हो, तिकीट काढताना विमानतळ नीट बघा. डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहूनही विमानं उडायला लागलीत, कोड बीओएम असेल तर सहार-सांताक्रूझ, एनएमआय असेल तर उलवे. माझ्या नणंदेने नुसतं मुंबई वाचून बुकिंग केलं आणि आदल्या रात्री कळलं, बोरिवलीहून उलव्याला जायचंय!